‘सगळी सोय आहे’ म्हणण्याआधी टेप हातात घ्या

या वेळचं पत्र चोपडा तालुक्यातून आलं आहे.

“ताई, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळी-कपाशीची शेती आहे. शेतातच दोन खोल्या बांधून आम्ही कृषी पर्यटन सुरू केलं. हिवाळ्यात भरीत पार्टीला बऱ्यापैकी लोक येतात. गेल्या जानेवारीत नाशिकचं एक कुटुंब आलं. येण्याआधी त्यांनी फोनवर विचारलं होतं, ‘आमची मुलगी व्हीलचेअरवर असते, जमेल ना?’ मी म्हटलं, ‘हो हो, सगळी सोय आहे, या बिनधास्त.’ खोली तळमजल्यालाच आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खोलीला तीन पायऱ्या निघाल्या. आमच्या गड्यांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. बाथरूमच्या दारातून खुर्ची आत जाईना. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, बोलकी, हसरी. पण दिवसभर तिने पाणीच घेतलं नाही, हे मला संध्याकाळी कळलं. मुक्काम न करता ते रात्री जळगावच्या हॉटेलात गेले. पैसे पूर्ण दिले, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागतं. माझे दीर म्हणतात, असे पाहुणे वर्षाकाठी एखादे, त्यांच्यासाठी बांधकाम कशाला मोडायचं? जाहिरातीत ‘दिव्यांगांसाठी योग्य नाही’ असं लिहून टाकू, विषय संपला. मला पटत नाही, पण हातात पैसाही फार नाही. काय करू? आणि त्या मुलीला फोन करू का?”

प्रिय ताई,

फोन करा. मुलीलाच करा, तिच्या वडिलांना नको. नंबर वडिलांचाच असेल तर त्यांना सांगा की तिच्याशी बोलायचं आहे. ‘पुन्हा या, या वेळी पैसे घेणार नाही’ असं म्हणू नका, कारण न्हाणीघराचं दार तेवढंच असताना फुकट बोलावण्यात काही अर्थ नाही. जे घडलं त्याची माफी एका वाक्यात मागा आणि विचारा, ‘आमच्याकडे काय काय अडलं ते सांगशील का? आम्ही बदल करतोय.’ ती सांगेल किंवा नाही सांगणार. तिचा मूड नसेल, परीक्षा असेल, हा विषय नकोसा झाला असेल. तुम्हाला शिकवणं हे तिचं काम नाही. पण तिने सांगायचं ठरवलं, फोटो बघून सूचना दिल्या, तर त्या वेळेचा मोबदला तिला विचारून द्या. इंजिनीअर नकाशा काढायचे पैसे घेतो, तसंच हेही आहे.

आता पाण्याचं. मी लहानपणापासून पायात कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) आणि काखेत कुबडी घेऊन चालते, म्हणून हे तुम्हाला थेट सांगू शकते. घराबाहेर पडताना आमच्यातले कितीतरी जण आधी पाण्याचा हिशोब करतात. जिथे जायचं तिथलं शौचालय वापरता येईल की नाही हे माहीत नसेल, तर सकाळचा चहा अर्धा, पाणी घोटभर. जळगाव ते धुळे हायवेवर अस्सल शेवभाजी मिळणारे ढाबे कितीतरी आहेत, पण बहुतेकांचं शौचालय स्वयंपाकघराच्या मागे, दोन पायऱ्या चढून, ओल्या फरशीवर. मग माणूस गाडीतच बसून राहतो आणि घरच्यांना म्हणतो, ‘मला भूक नाही.’ मणक्याला इजा झालेल्यांना तर लघवीच्या संसर्गाचा त्रास एरवीही लवकर होतो. दिवसभर पाणी न पिणं हा त्यांच्या दृष्टीने साधा उपास नसतो, त्याचं मोठं दुखणं होऊ शकतं. तुमच्याकडची पाहुणी हसत होती, बोलत होती आणि आतून तास मोजत होती. म्हणून पैसा थोडाच असेल तर तो आधी न्हाणीघर-शौचालयात घाला, उतार नंतर. बहुतेक लोक उलटं करतात. दारात उतार केला की फोटो छान येतो, पण आत गेलेल्या माणसाला चार तासांनी काय लागणार आहे याचा विचार राहून जातो.

दिरांशी बोलायची वेळ येईल तेव्हा त्यांच्यावर चिडू नका. ‘असे पाहुणे एखादेच येतात’ हे ते डोळ्यांनी पाहिलेलं सांगत आहेत. पण जे येऊच शकत नाहीत ते मोजणीत कसे येणार? २०११च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून जास्त दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या आणि तेव्हा आठच प्रकार विचारले होते. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात गुडघे गेलेली तुमची-माझी आई धरलेलीच नाही. नाशिक-पुणे-सुरतला नोकरीला गेलेली आपल्याकडची मुलं हिवाळ्यात आईवडिलांना घेऊन गावाकडे येतात, भरीत खायला शेत शोधतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ‘कमोड आहे का?’ हाच असतो, हे तुम्हीही ऐकलं असेल. शिवाय असा पाहुणा एकटा क्वचितच येतो. सहा माणसांच्या कुटुंबात एकाला जमणार नसेल तर सहाच्या सहा जण दुसरीकडे जातात. नाशिकचं ते अख्खं कुटुंब जळगावला झोपायला गेलंच की नाही?

आणि ती जाहिरातीतली ओळ लिहू देऊ नका. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हा कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. तो सरकारी कचेऱ्यांपुरता नाही. लोकांना सेवा देणारे खासगी लोकही त्यात येतात. दिव्यांगत्वामुळे कुणाशी भेदभाव करायचा नाही, हे त्याचं मूळ. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे जागा दिव्यांगांना सहज वापरता यावी यासाठीचे, नियम नुसत्या मार्गदर्शक सूचना म्हणून ठेवून चालणार नाही, काही किमान गोष्टी सक्तीच्या करा. हे मी दिरांना घाबरवायला सांगत नाही. दोन खोल्यांच्या शेतावर उद्या कुणी तपासणीला येईल असंही नाही. पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते त्यांना कळू द्या. आज बांधकामात हात घालणार असाल तर ते एकदाच, नीट मापात होऊ दे.

मला त्या ओळीबद्दल कायद्याहून वेगळी अडचण आहे. ‘योग्य नाही’ हे कोण ठरवणार? माझ्यासारखी कुबडीवाली तीन पायऱ्या कठडा धरून चढते, तिला उंच कमोड मिळाला की पुरे. अंध माणसाला पायऱ्यांची अडचणच नाही. बहिऱ्या पाहुण्याला तुमच्या शेतात आज, आत्ता, एक रुपया न खर्चता राहता येईल. एका ओळीत तुम्ही या सगळ्यांना दारातून परत पाठवता. त्याऐवजी खरी मापं लिहा. ‘खोलीला तीन पायऱ्या आहेत, एकूण उंची दीड फूट, बाथरूमचं दार अमुक इंच’ एवढं लिहिलंत तर प्रत्येकजण स्वतःचं स्वतः ठरवेल. जानेवारीत तुम्ही फोनवर ‘सगळी सोय आहे’ऐवजी ही तीन मापं सांगितली असती, तर ती मुलगी कदाचित आली नसती. कदाचित कमोडची घडीची खुर्ची सोबत घेऊन आलीही असती. निवड तिच्या हातात राहिली असती. आपल्याकडे ‘हो’ पटकन येतं, ते मनातल्या आपुलकीतून येतं, मला माहीत आहे. पण अपंग माणसाचा प्रवास बहुतेकदा अशाच एखाद्या प्रेमळ, न मोजलेल्या ‘हो’मुळे फसतो.

तर टेप घ्या. आधी बाथरूमचं दार. आपल्याकडे गवंडी बाथरूमला सर्रास दोन-सव्वादोन फुटांचं दार लावतात. व्हीलचेअर साधारण तेवढीच रुंद असते, वर ढकलणाऱ्याची बोटं. मोकळी जागा ९० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट, हवी. ही मोकळी जागा चौकटीच्या बाहेरून मोजायची नाही. दार उघडल्यावर प्रत्यक्ष जेवढी फट राहते ती मोजायची. दार बाहेर उघडणारं करा किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दाराचा धोका असा की कुणी आत पडलं तर तेच दाराला अडतं आणि बाहेरच्यांना आत जाता येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी.

आतली जागा: खुर्ची गोल फिरायला दीड मीटर, म्हणजे पाच फुटांचं वर्तुळ लागतं. सरकारच्या २०२१च्या सुगम्यतेच्या मानकांकडे पाहिलं तर अशा शौचालयाला साधारण दोन मीटर बाय सव्वादोन मीटर जागा धरावी. तुमचं न्हाणीघर आणि संडास शेजारी-शेजारी असतील तर मधली भिंत काढून एक करणं, हे नवं बांधण्यापेक्षा स्वस्तात होतं. भिंतीवर भार आहे का ते मात्र जाणत्याला विचारून. देशी भांडं काढून कमोड बसवा, बसायची उंची ४५ ते ४८ सेंटीमीटर, म्हणजे व्हीलचेअरच्या बैठकीएवढी. कमोडच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला तीन फूट मोकळी जागा ठेवा, कारण खुर्ची तिथे लावून माणूस सरकत कमोडवर जातो. त्या मोकळ्या जागेत बादली, झाडू, फिनाईलचा कॅन ठेवायची सवय घरात सगळ्यांना सोडावी लागेल. मोठमोठ्या हॉटेलांतही ही जागा मी अडगळीने भरलेली पाहिली आहे.

धरायचे दांडे. इथे कंजुषी करू नका. टॉवेल अडकवायची सळई म्हणजे दांडा नव्हे. माणूस अख्खं वजन त्यावर टाकतो. लाकडी गुट्टीत ठोकलेला स्क्रू भिंतीतून निघाला की माणूस डोक्यावर आपटणार. विटेच्या पक्क्या भिंतीत अँकर बोल्टने बसवा, प्लास्टर पोकळ असेल तर आधी ते काढून. बसवल्यावर घरातल्या सगळ्यात जड माणसाला त्याला लोंबकळायला सांगा. फरशी खरबरीत, दाराला उंबरा नाही, पाणी बाहेर येऊ नये म्हणून आतल्या बाजूला हलका उतार आणि दाराशी लांब जाळी. आंघोळीला हँड शॉवर आणि रुंद पायांचा, पायाला रबर असलेला भक्कम स्टूल. लग्नाच्या मांडवातली प्लास्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर पाय पसरते, ती नको. शेवटी जमिनीवर पडलेल्या माणसाचाही हात पोहोचेल अशी घंटीची दोरी लावा, म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरात असलात तरी ऐकू येईल.

आता त्या तीन पायऱ्या. आपल्या गावाकडे ओट्याला उतार असतो तो मोटारसायकल चढवायला. त्यावरून व्हीलचेअर न्यायची तर दोन माणसं ढकलायला लागतात आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. माणसासाठीच्या उताराचा हिशोब सोपा आहे: एक इंच उंचीला एक फूट लांबी. तुमचा ओटा दीड फूट उंच असेल तर अठरा फूट लांब उतार, चार फूट रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, कडेला चाक घसरू नये म्हणून छोटी कड, आणि वर दारापाशी पाच फूट सपाट जागा, म्हणजे थांबून कडी काढता येते. गवंडी म्हणेल, ‘एवढा कशाला? सहा फुटांत बसवतो.’ बसवू देऊ नका.

पण तुमच्याकडे जे आहे ते शहरातल्या हॉटेलाला लाखो मोजून मिळत नाही: मोकळं अंगण. मी तुमच्या जागी असते तर वेगळा रॅम्प बांधलाच नसता. अंगणापासून ओट्यापर्यंतची वाटच मुरूम भरून हळूहळू उंच केली असती. वीस फुटांत एक फूट, इतकी सौम्य चढण असेल तर ती रॅम्प धरलीच जात नाही, नुसती वाट असते. दीड फूट चढायला तीस फूट वाट पुरते. मग सासूबाई, रांगतं पोर, चाकांची बॅग ओढणारा पाहुणा, गॅसची टाकी आणणारा, सगळे त्याच वाटेने येतील आणि व्हीलचेअरवाल्याला ‘तुमचा रस्ता तिकडून मागून’ असं सांगावं लागणार नाही. एक मात्र सांभाळा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतलं तर दोन पावसाळ्यांत तुकडे वरखाली होतात आणि सांध्याला दोन बोटांची पायरी तयार होते. पुढच्या छोट्या चाकाला तेवढी पुरते अडायला. काळी माती खोदून काढा, दगडाचं सोलिंग, मुरूम नीट दाबून, मगच वरचा थर, आणि तोही झाडूने ओरखडे काढलेला, गुळगुळीत नाही. बाजूने पाणी जायला चर ठेवा. ही कामं पावसाळ्याआधी उरकली तर एका पावसाळ्यात जमीन बसते आणि काय चुकलं ते तुम्हाला वांग्यांच्या हंगामाआधी दिसतं.

शेतातल्या फेरीसाठी अख्ख्या शेतात रस्ता नको. केळीच्या बागेपर्यंत एक वाट, पाच फूट रुंद, मुरूम दाबलेली. ठिबकच्या नळ्या त्या वाटेवरून आडव्या गेल्या असतील तर त्या पाइपात घालून जमिनीखालून न्या. त्यात चाक अडतं, कुबडी अडकते आणि अंध माणसाचा पाय तर हमखास.

भरीत पार्टीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण पाहुणे त्यासाठीच येतात. तुरीच्या-कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना सगळे शेकोटीभोवती उभे असतात, मग ती ठेचायची, पात-मिरची-लसूण पडतं, आणि शेवटी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्यांसोबत खाली सतरंजीवर पंगत. या सगळ्यात खुर्चीवरचा माणूस कुठे असतो? ओट्यावर. कुणीतरी ताट तिथे नेऊन देतं, ‘तुम्ही बसा आरामात’ म्हणतं आणि परत शेकोटीकडे जातं. ताट भरलेलं, पण गप्पा पंचवीस फुटांवर. तुमच्या पाहुणीचं जेवणही असंच झालं असेल, असं मला वाटतं. उपाय फार साधा: पंगतीला टेबलच लावा, सगळ्यांना, आणि ज्याला खाली बसायचं त्याने खाली बसावं. टेबलाखाली गुडघे जायला सत्तावीस-अठ्ठावीस इंच मोकळी उंची हवी, मध्ये फळी-आडवी पट्टी नको. शेकोटीपर्यंत वाट न्या. वांगं उलटं करायचा चिमटा तिच्या हातात द्या. अंध पाहुणा आला तर त्याला तर तुमचं शेत इतरांपेक्षा जास्त देऊ शकतं. काड्यांचा धूर, साल सुटतानाचा आवाज, भरताच्या वांग्याचा हातात मावणार नाही असा गोल गरगरीतपणा, केळीच्या खोडाचा गार ओलावा. ‘हात लावून बघा’ असं म्हणायला संकोचू नका. फक्त आग कुठे, किती पावलांवर, हे आधी सांगा.

आता गड्यांनी उचलण्याबद्दल. हे लिहिताना मला सांभाळून शब्द वापरावे लागतात, कारण त्या पोरांच्या मनात निव्वळ माया होती. आपल्या खान्देशात कुणी अडलेलं दिसलं की ‘मी शे ना!’ (मी आहे ना!) म्हणत चार जण धावतात. हे आपलं मोठं धन आहे. पण तरुण मुलीला परक्या पुरुषांनी खुर्चीसकट उचलणं, सगळे बघत असताना, ही तिच्या जिवावर येणारी गोष्ट असते. खुर्ची हातांच्या जागी धरली तर तो भाग निखळून हातात येतो, हेही अनेकांना माहीत नसतं. म्हणून घरात आणि गड्यांत एक नियम करा: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. खुर्चीलाही नाही, कुबडीलाही नाही, अंध माणसाच्या दंडालाही नाही. विचारायचं, ‘मदत हवी का? कशी करू?’ आणि ती सांगेल तसंच. ती ‘नको’ म्हणाली तर नको. विचारायचंही तिलाच. ‘यांना काय आणू?’ असं तिच्या आईला विचारलं जातं तेव्हा ती तिथे बसलेली असते, तिला ऐकू येत असतं.

बहिऱ्या पाहुण्यांसाठी तुमच्याकडे एकच मोठी गोष्ट कमी असेल: सगळं तोंडी चालतं. जेवण किती वाजता, गाडी कधी निघणार, रात्री पाणी गरम कसं करायचं, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, नंबर जाहिरातीत ‘मेसेज करा’ असा द्या. दाराच्या बेलला दिवा जोडून घ्या. मतिमंद किंवा स्वमग्न मूल घेऊन येणाऱ्या कुटुंबाला दिवसाचा क्रम आधी कळला आणि डीजे लागणार की नाही हे खरं सांगितलं, तर त्यांचं निम्मं ओझं उतरतं. एक शांत खोली राखून ठेवता आली तर उत्तमच.

तुमचे पाहुणे तुमच्याकडून पुढे कुठेतरी जाणार. कुणी उनपदेवच्या गरम झऱ्यावर, कुणी पद्मालयाच्या गणपतीला, बाहेरगावचे बहुतेक अजिंठ्याला. त्यांना ‘छान आहे, जाऊन या’ म्हणू नका. स्वतः जा आणि बघा. अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्याशी ठेवून पुढे बसने जावं लागतं, नंतर पायऱ्या आहेत, लेण्यांच्या दारांतही उंबरे आहेत. डोलीवाले मिळतात, काहींना ती चालते, काहींना माणसांच्या खांद्यावर बसणं नको वाटतं. दोन्ही बरोबर आहे. तुम्ही फक्त आधी सांगायचं. देवळाच्या पायऱ्या, पार्किंगपासूनचं अंतर, वापरता येईल असं शौचालय, हे तुमच्या वहीत हवं. जळगाव स्टेशनवर उतरणाऱ्यांना घ्यायला उंच जीप पाठवू नका. खुर्चीवरून सरकता येईल अशी बसकी गाडी पाठवा आणि खुर्ची घडी होऊन डिकीत मावते का ते ड्रायव्हरला माहीत असू द्या.

पैशाचा क्रम असा लावा. या आठवड्यात मापं आणि फोटो. त्याला खर्च नाही. मग दांडे, कमोड, हँड शॉवर, स्टूल. मग दार आणि भिंत. मग वाट. हे होईपर्यंत व्हीलचेअरवरचे पाहुणे दिवसभरासाठी येऊ शकतील का, हे त्यांनाच ठरवू द्या. गरजेला कमोडची खुर्ची भाड्याने मिळते का, ते तालुक्याच्या ठिकाणी औषधांच्या मोठ्या दुकानात विचारून ठेवा. दोन्ही खोल्या एकदम करू नका. एक खोली नीट करा. आणि ती खोली ‘अपंगांची खोली’ म्हणून रिकामी ठेवू नका. एरवी ती सगळ्यांना द्या, गरज असलेल्याला आधी.

जाहिरातीत आजपासून काय लिहायचं, ते मी खाली देते. आकडे तुमच्या टेपचे घाला आणि काम होईल तसे बदलत जा.

“खोली तळमजल्यावर. ओट्याला तीन पायऱ्या, एकूण उंची __ इंच, कठडा नाही. खोलीच्या दाराची मोकळी रुंदी __ इंच. बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी __ इंच, उंबरा __ इंच. शौचालय देशी. पलंगाची उंची __ इंच. अंगण मातीचं, पावसात चिखल. बागेची वाट अरुंद. बाथरूमचं काम सुरू आहे, __ महिन्यापर्यंत पूर्ण होईल. आपल्याला किंवा सोबतच्यांना काय लागेल ते फोनवर किंवा मेसेजवर कळवा. जे जमणार नाही ते आम्ही आधीच सांगू.”

सोबत चार फोटो: पायऱ्या समोरून, बाथरूमचं उघडं दार, आतलं भांडं, आणि गाडी थांबते तिथून ओट्यापर्यंतची वाट. दिवसाउजेडी काढा, टेप फ्रेममध्ये दिसू द्या. आणि ते काम दिरांनाच सांगा.